विसाव्यातला हात

त्या सकाळी संगणक स्वतःची सुधारणा करून घेत होता. ऐन कामाच्या वेळीच त्याला हे नेहमी सुचतं. एका कादंबरीचं शीर्षक दुपारपर्यंत प्रकाशकाला पाठवायचं होतं आणि पडद्यावर एक निळं वर्तुळ फिरत फिरत मला थोडा वेळ थांबायला सांगत होतं. त्याचा थोडा वेळ म्हणजे किती, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही. मी हात संगणकाला जोडलेल्या लिहायच्या पाटीवर टेकवून बसून राहिले. अभिनंदननं चहा आणून ठेवला. तोही अर्धा कप.

अर्धाच का, असं विचारलं तर म्हणाला, जास्त चहानं पित्त होतं. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून माझा हा नवरा घरातला चहा करतो आणि गेले कित्येक महिने माझा कप अर्धाच भरतो. एकदा मी त्यावरून भांडून पाहिलं, मग सोडून दिलं. दिवसभर इतक्या गोष्टींशी भांडावं लागतं, की चहाची पाळी येईपर्यंत अंगात त्राण उरत नाही.

मी पद्मजा मगदूम, अक्षरकार. पुस्तकांची शीर्षकं, मासिकांची नावं, लग्नपत्रिका, कधी एखाद्या दुकानाची पाटी, असं सगळं हातानं काढून देते. नातेवाईक म्हणतात, तुझं बरं आहे, साहेब नाही, हजेरी नाही, स्वतःची मालक आहेस. खरं आहे. मालक मीच, शिपाईही मीच, वसुलीला जाणारी मीच आणि बिल हरवलं म्हणून बोलणी खाणारीही मीच. एखाद्या शीर्षकातला 'ळ' मनासारखा बसायला दोन दिवस लागतात, आणि माणूस फोनवर म्हणतो, मॅडम, चारच तर अक्षरं आहेत. त्यावर काय बोलायचं हे ठरवायचं मी फार पूर्वीच सोडलं आहे.

त्यात हाताचा कायदा आला. यंत्रं क्षणात शंभर चित्रं आणि हजार अक्षरवळणं काढून द्यायला लागली, तेव्हा आमच्यासारख्यांनी ओरडा केला, आणि सरकारनं पहिल्यांदाच आमचं ऐकलं. माणसाच्या हातच्या कामाला कर कमी, यंत्राच्या कामाला जास्त, असा नियम झाला. हातच्या कामावर 'हस्तमुद्रा' नावाचा एक छोटा हिरवा शिक्का येऊ लागला. वाचकांना तो शिक्का आवडला आणि प्रकाशक त्याच्यासाठी आमच्या दारात येऊ लागले. आम्हाला वाटलं, जिंकलो.

पण हात माणसाचाच आहे, हे ओळखायचं कसं? त्याचं उत्तर एका जुन्या, साध्या गोष्टीत निघालं. प्रत्येकाचा हात थरथरतो. धडधाकट तरुणाचासुद्धा. स्नायूंना मेंदूकडून येणारा हुकूम सलग येत नाही, तुटक तुटक येतो, आणि त्यामुळे हात सेकंदाला आठदहा वेळा अगदी बारीक हलत राहतो. डोळ्यांना ते दिसत नाही. हाताचं वजन, हाडांची लांबी, नसांचा वेग हे सगळं प्रत्येकाचं वेगळं, म्हणून ही थरथरही ज्याची त्याची वेगळी. ती टिपणारी एक लेखणी निघाली. तिचं सरकारी नाव लांबलचक आहे, आम्ही तिला 'साक्षी' म्हणतो. साक्षीनं काढलेल्या प्रत्येक रेघेबरोबर हाताची थरथर नोंदली जाते आणि ती तुमच्या नोंदलेल्या हाताशी जुळली, तरच शिक्का मिळतो.

माझा हात नोंदवायला गेले, तेव्हा सरकारी नोंदणी केंद्रातल्या मुलीनं सांगितलं होतं, मॅडम, रोज लिहिता तसं सहज लिहा. आता अक्षरकाराला चारचौघांत सहज लिही म्हणणं म्हणजे गवयाला नुसतं गुणगुण म्हणण्यासारखं आहे. मागे रांगेत माणसं बघत उभी होती. मी बाही सारखी केली, श्वास रोखला आणि अशी काही अक्षरं काढली, की ती मुलगी बघतच राहिली. मला फार बरं वाटलं. माझ्या व्यवसायातल्या ज्या ज्या ओळखीच्यांना विचारलं, त्या सगळ्यांनी हेच केलं होतं.

असो. वर्तुळ फिरायचं थांबलं, संगणक सुरू झाला आणि सगळ्यात आधी कर खात्याची नोटीस उघडली. माझ्या कामात दुसऱ्या व्यक्तीचा हात आढळला होता. मी मदतनीस ठेवूनही तो जाहीर केला नव्हता. गेल्या सहा महिन्यांतल्या सगळ्या कामांची हस्तमुद्रा स्थगित करण्यात येत होती.

त्या सगळ्या कामांत एका मोठ्या लेखिकेच्या समग्र साहित्याचे खंड होते. बारा खंडांची अक्षरं एका हातची हवीत, म्हणून प्रकाशकानं ते माझ्याकडे दिलं होतं. या वयात पुन्हा असं काम मिळणार नव्हतं. शिक्का गेला असता तर ते गेलं असतं.

कराच्या पोर्टलवर 'करसखी' नावाची एक बोलणारी बाई असते. आवाज गोड, मराठी शुद्ध, पण यंत्राचीच; आपली उत्तरं मात्र टाइप करायची. मी तिला सांगितलं, माझ्याकडे मदतनीस नाही. तिनं माझी अडचण समजत असल्याचं सांगितलं आणि मदतनिसाचं नाव विचारलं. मी पुन्हा सांगितलं, नाहीच कुणी. तिनं पुन्हा समजून घेतलं आणि मदतनिसाचा जन्मदिनांक विचारला. मग पोर्टलनं मला बाहेर काढलं. पुन्हा आत जायला फोनवर आकडे येणार होते, ते आले तेव्हा त्यांची मुदत संपलेली होती. मी डोकं टेबलावर टेकवलं. रडू येत नव्हतं, नुसता वैताग आला होता.

दुपारी तन्वीर मुजावरकडे गेले. तन्वीर आमचा सीए. त्याचे वडील अभिनंदनबरोबर रेल्वेत होते, त्यामुळे तो मला ताई म्हणतो आणि फी सांगताना खाली बघतो. त्यानं नोटिशीचा तपशील उघडला आणि बराच वेळ वाचत बसला.

"ताई, हे जरा वेगळंच आहे बघा," तो म्हणाला. "अक्षरं सगळी तुमचीच आहेत. एकही रेघ दुसऱ्याची नाही. पण दोन रेघांच्या मधे तुम्ही थांबता की नाही, तेवढ्यापुरती लेखणी दुसऱ्या कुणाच्या तरी हातात असते."

एक रेघ काढल्यावर मी खूप वेळ थांबते, हे खरं होतं. पाटीवर हात टेकवायचा, लेखणी बोटांत तशीच ठेवायची आणि अक्षराकडे बघत राहायचं, हीच माझी पद्धत. माझं खरं काम त्या वेळातच होतं. पण तेवढ्यात कुणी येऊन माझ्या हातातली लेखणी कशाला धरेल?

तन्वीरनं आडून आडून अभिनंदनबद्दल विचारलं. मला हसू आलं. अभिनंदनला पट्टी देऊनही सरळ रेघ मारता येत नाही. हसता हसता मला माझी नोंदणी आठवली. श्वास रोखून, नटूनथटून काढलेला तो हात! माझा नेहमीचा, सैल हात सरकारनं कधी पाहिलेलाच नव्हता, मग तो त्याला परका वाटणारच. तन्वीरलाही हे पटलं. त्यानं फेरतपासणीचा अर्ज केला आणि म्हणाला, ताई, या वेळी वाईट अक्षर काढा. घरी येऊन मी अभिनंदनला ही गंमत सांगितली. तो हसला नाही. तुझ्याबरोबर मीही येतो केंद्रात, एवढंच म्हणाला.

केंद्रात या वेळी वेगळी मुलगी होती. कोमल नावाची, नवीन लागलेली, नियम पाठ असलेली. तिनं माझ्या हातात साक्षी दिली आणि हात टेबलावर ठेवून एक मिनिट काहीही न करता बसायला सांगितलं. मी बसले. पडद्यावर लाल अक्षरं आली, नोंदणीकृत हात आढळला नाही. मग तिनं लिहायला सांगितलं. मी कसंतरी, गिचमिड, दूधवाल्याला चिठ्ठी लिहावी तसं लिहिलं. पडद्यावर हिरवं आलं, पद्मजा मगदूम. पुन्हा थांबायला सांगितलं. पुन्हा लाल.

म्हणजे हात चालू असला की ती मी होते, आणि नुसती बसले की दुसरीच कुणीतरी. मी चिडून कोमलला म्हणाले, तुमचं टेबल हलतंय, त्याचा दोष मला का लावता.

ती अवघडली. मग हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, टेबल हलत नाहीये."

मी खाली पाहिलं. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी आपली आपण एकमेकांवर फिरत होती. समईसाठी वात वळावी तशी. वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती. मी त्यांना थांबा म्हणालेही नव्हते आणि चाला म्हणालेही नव्हते. मी लेखणी उचलली तर थांबली. ठेवली तर पुन्हा सुरू. सबंध आयुष्य मी अक्षराकडे बघत आले. थांबलेल्या हाताकडे मी कधी बघितलंच नव्हतं. मला भीती वाटली, आणि मागे उभ्या असलेल्या अभिनंदनकडे बघायची त्याहून जास्त वाटली.

आमचं मिरज दवाखान्यांचं गाव, तिथं डॉक्टर शोधावा लागत नाही. दोन गल्ल्या ओलांडल्या की सापडतो. डॉ. आरवाडे या मेंदूच्या डॉक्टर. त्यांनी मला चालायला लावलं, बोटं आपटायला लावली, एक वाक्य पाच वेळा लिहायला लावलं, आणि पाचवं वाक्य पहिल्यापेक्षा बारीक झालेलं मला दाखवलं. साक्षीच्या नोंदींचा आलेख बघून त्या म्हणाल्या, इतके नेमके पुरावे घेऊन पेशंट सहसा येत नाहीत.

मग त्यांनी समजावून सांगितलं. धडधाकट हाताची थरथर सेकंदाला दहाच्या आसपास असते. माझ्या विसाव्यातली थरथर पाचच्या आसपास होती, जवळजवळ निम्म्या वेगाची आणि मोठी. मेंदूच्या पार तळाशी हालचालींना वंगण पुरवणाऱ्या पेशी असतात, त्या एकेक करून मिटत चालल्या, की अशी थरथर येते. या आजाराची गंमत अशी, की हात कामाला लागला की ती दबते आणि हात निवांत टेकला की वर येते. म्हणूनच अक्षरं शाबूत होती. यंत्र खोटं बोललं नव्हतं. माझ्यात दुसरा हात शिरला होता आणि मी थांबायची वाट बघत होता. पार्किन्सन्स, त्या म्हणाल्या. गोळ्या घेतल्या तर काही वर्षं काम चालेल, किती ते सांगता येत नाही.

माझ्या आजाराचं निदान आधी कर खात्यानं केलं, हे माझ्या आयुष्याला शोभणारंच होतं.

अभिनंदननं डॉक्टरांना एकही प्रश्न विचारला नाही. तेच मला खटकलं. खाली आल्यावर औषधाच्या दुकानासमोर मी त्याला विचारलं, तुला कधी कळलं?

"संक्रांतीला," तो म्हणाला. "हळदीकुंकवाच्या बायका गेल्यावर तू चहा घेऊन बसली होतीस. बशीत कप वाजत होता. मग दुसऱ्या दिवशी वाजला. अर्धा भरला की उचलताना सांडायचा नाही, मग तुझं लक्ष जायचं नाही."

मला त्याचा भयंकर राग आला. माझा हात, माझी पोटापाण्याची वस्तू, आणि मला सोडून ती घरात सगळ्यांना माहीत. सगळ्यांना म्हणजे त्याला आणि सरकारला. मी रस्त्यातच त्याला नको ते बोलले. फसवलंस म्हणाले. तो ऐकून घेत राहिला.

"तू अक्षर काढायला लागलीस की हात हलायचा नाही," तो शेवटी म्हणाला. "मी रोज दारातून बघायचो. ज्या दिवशी तिथं हलेल, त्या दिवशी सांगायचं ठरवलं होतं. तोवर तुला ते काम सुखानं करू दे म्हटलं."

आम्ही गोळ्या घेतल्या आणि घरी आलो. त्या दिवशीही त्यानं चहा अर्धाच दिला आणि मी तो प्यायले.

तन्वीरला सगळं सांगितलं. तो लगेच कामाला लागला, कारण त्याला दुसरं काही सुचत नव्हतं. त्याच्या मते दोन वाटा होत्या. पहिली सोपी. मदतनीस होता असं कबूल करायचं, कुणाचंही नाव टाकायचं, दंड भरायचा. जुन्या कामांचा शिक्का परत मिळतो, बाहेर काही कळत नाही. दुसरी वाट म्हणजे आजार जाहीर करून हात पुन्हा नोंदवायचा. शिक्का त्याही वाटेनं मिळतो, पण नोंदवहीत नावापुढे 'बदलता हात' असं लागतं. दर तीन महिन्यांनी तपासणी. आणि ती नोंदवही प्रत्येक प्रकाशकाला उघडी असते.

"ताई, पहिलंच करा," तन्वीर म्हणाला. "कुणाचं नुकसान नाही त्यात. खंडांचं काम हातचं जायला नको."

मलाही ते पटलं. मी काही फार तत्त्वाची बाई नाही. हौसेचे रंग कामाच्या खर्चात दाखवण्याइतपत लबाडी मी दरवर्षी करते. घरी येऊन पोर्टल उघडलं, पहिल्या फटक्यात उघडलं, हेच आश्चर्य. करसखीनं मदतनिसाचं नाव विचारलं. मी माझ्या वारलेल्या मावशीचं नाव दिलं. कामाचं स्वरूप विचारलं. अक्षरांच्या मधल्या वेळात लेखणी धरणे, असं मी सांगितलं आणि तिनं ते नोंदवून घेतलं. मग तिनं विचारलं, या व्यक्तीचा तुमच्याशी संबंध काय?

मी उत्तराचा विचार करत थांबले. उजवा हात कळफलकावर टेकलेला होता. बघता बघता पडद्यावर एकामागून एक 'र' उमटायला लागले. करसखीनं नम्रपणे सांगितलं, उत्तर समजलं नाही, कृपया पुन्हा सांगावे.

मी त्या 'र'च्या ओळीकडे बघत बसले. हे माझं अक्षर नव्हतं, पण हाताचं काम होतं आणि हात माझा होता. याच हातानं मी शाळेच्या फळ्यावर सुविचार लिहिले, लग्नानंतर पाट्या रंगवून घरभाडं भरलं, आणि कुणीही विचारलं की अभिमानानं सांगत आले, मी एकटी करते, सगळं एकटी. आता तो म्हातारा व्हायला लागला, तर त्याला दुसरीचं नाव द्यायचं? दारात आलेल्या आपल्याच माणसाला ओळख न दाखवण्यासारखं ते होतं. माझ्याच्यानं होईना. मी अर्ज तसाच टाकून दिला. पोर्टलनं नेहमीप्रमाणे वेळ संपल्याचं जाहीर केलं आणि पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही.

पुन्हा केंद्रात गेले. कोमलच होती. माझे डॉक्टरांचे कागद वाचून तिचा चेहरा उतरला. तिनं इकडेतिकडे पाहिलं आणि खाली वाकून मला युक्ती सांगितली, मॅडम, थोडा वेळ श्वास रोखून हात ताठ ठेवला तर कमी हलतो, नोंद चांगली येईल.

"नको," मी म्हणाले. "या वेळी आहे तसा घे."

मी हात टेबलावर सैल सोडला. बोटं वात वळत राहिली. रांगेतली माणसं बघत होती, आणि मला लाज वाटली, हे कबूल करते. पण मी हात झाकला नाही. मग लिहिलं. मग पुन्हा सोडला. यंत्र बराच वेळ विचार करत राहिलं. शेवटी पडद्यावर माझं नाव आलं, त्यापुढे 'बदलता हात' असं आलं, आणि त्याखाली एक बारीक ओळ होती, व्यक्तिसंख्या एक. कोमलनं ती छापून माझ्या हातात ठेवली.

आठवड्याभरात प्रकाशकांचा फोन आला. फार चांगला माणूस. त्यांनी आधी तब्येतीची चौकशी केली, मग माझ्या अक्षरांचं कौतुक केलं, मग काढून झालेले सात खंड माझ्याच हातचे राहतील म्हणाले. उरलेल्या पाचांचं बघून कळवतो, असं त्यांनी सांगितलं. कळवतो म्हणजे काय, हे या धंद्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. मी त्यांना बरं म्हटलं. फोन ठेवल्यावर मात्र मला रडू आलं, नोटिशीच्या त्या सकाळपासून अडून बसल्यासारखं. पाच खंड ही काही लहान गोष्ट नाही. आठव्या खंडाच्या शीर्षकात दोन 'ळ' होते, आणि ते कसे काढायचे, हे माझं ठरलेलं होतं.

अभिनंदन चहा घेऊन आला. माझा चेहरा बघून कप ठेवून परत निघाला. मी त्याला थांबवलं आणि कपाकडे बोट केलं.

"पूर्ण भर," मी म्हणाले.

तो आत जाऊन पातेलं घेऊन आला आणि कप काठोकाठ भरला. मी बशी धरून उचलला. कप वाजला. चांगला मोठ्यानं वाजला. आम्ही दोघांनीही तो वाजू दिला. तोंडापर्यंत नेईस्तोवर निम्मा चहा बशीत सांडला होता. तो मी आधी बशीतून प्यायले, मग कपातला.